वाऱ्याची वाट : जालना औद्योगिक क्षेत्रातील इमारती आणि नैसर्गिक वायुवीजन

१ मे १९८१ रोजी तत्कालीन औरंगाबाद व परभणी या जिल्ह्यांतील तालुके मिळून जालना हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. कुंडलिकेच्या काठचे हे गाव त्यापूर्वीही व्यापारउदिमासाठी प्रसिद्ध होते. 'जालना, सोने का पालना' ही म्हण या परिसरात आजही ऐकावयास मिळते. जिल्हा झाल्यानंतरच्या काळात मात्र या गावाची ओळख दोन उद्योगांशी जोडली गेली. भंगार वितळवून लोखंडी सळया तयार करणारे पोलाद कारखाने हा एक, आणि बियाणे उद्योग हा दुसरा. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या जालना येथील वसाहतीत फेरफटका मारला तर एकीकडे भट्टीचा लालभडक उजेड दिसतो आणि दुसरीकडे बियाण्यांच्या पोत्यांनी भरलेली शांत गोदामे दिसतात.

इमारतीच्या दृष्टीने या दोन उद्योगांच्या गरजा परस्परविरुद्ध आहेत. पोलादाच्या शेडमधील उष्णता लवकरात लवकर बाहेर जावयास हवी, तर बियाण्याच्या गोदामात बाहेरची उष्णता व दमट हवा शिरताच कामा नये. खिडकी आणि वारा यांचा विचार करावयास याहून चांगले स्थळ शोधूनही सापडणार नाही. इमारत थंड ठेवण्यासाठी जेवढ्या खिडक्या अधिक तेवढे बरे, असा सर्वसाधारण समज आहे. जालन्यातील या दोन इमारती शेजारीशेजारी ठेवून पाहिल्या की तो समज किती अपुरा आहे हे ध्यानात येते. हवेला आत येण्यास व बाहेर जाण्यास अशा दोन वाटा आहेत काय, आणि त्या योग्य वेळी उघडल्या व मिटल्या जातात काय, हे दोन प्रश्न खिडक्यांच्या संख्येपेक्षा महत्त्वाचे आहेत.

तापलेली हवा आणि छपराची उंची

हवा तापली की प्रसरण पावते, हलकी होते आणि वर चढते. धुराड्याचे हेच तत्त्व. मराठवाड्यातील माळवदाच्या घरात चुलीच्या वर साणे ठेवण्याची रीत होती. त्यातून उजेड येई आणि धूर जाई. धूर वर जाताना खालून दारावाटे ताजी हवा आत ओढली जाई. पोलाद कारखान्याची शेड ही तत्त्वतः अशीच एक मोठी चूल आहे. फरक एवढाच, की येथे प्रवर्तन भट्टीत सुमारे १६०० अंश सेल्सिअस तापमानाला पोलाद वितळत असते आणि पुनर्तापन भट्टीतून ११०० ते १२०० अंशांची बिलेटे रुळांवर येत असतात.

हवेचा हा आपोआप होणारा उपसा तीन गोष्टींवर अवलंबून असतो : आतील व बाहेरील तापमानातील फरक, खालच्या व वरच्या वाटांमधील उंचीचे अंतर आणि त्या वाटांचे क्षेत्रफळ. उंचीचे अंतर दुप्पट केल्यास उपसा दुप्पट होत नाही, तो सुमारे १.४ पट होतो. तापमानातील फरकालाही हाच नियम लागू पडतो. क्षेत्रफळाचे तसे नाही. दोन्हीकडील क्षेत्रफळ दुप्पट केले की उपसाही दुप्पट होतो. येथे 'दोन्हीकडील' हा शब्द महत्त्वाचा आहे. शेडच्या माथ्यावर एक चौरस मीटरची फट असेल आणि खालच्या भिंतीतील वाट एक चौरस मीटरऐवजी दहा चौरस मीटर केली, तर उपसा जेमतेम ४० टक्क्यांनी वाढतो. अरुंद वाटच अखेर सारा हिशेब ठरविते. भिंतीला ओळीने मोठमोठ्या खिडक्या ठेवावयाच्या आणि छप्पर मात्र पत्र्याने घट्ट बंद करावयाचे, अशा शेडमध्ये कामगार घामाघूम का होतात याचे उत्तर या साध्या गणितात आहे.

उलट प्रकारही घडतो. छपरावर वाऱ्याने फिरणारे गोल व्हेंटिलेटर हौसेने बसविले जातात. खालच्या भिंतीलगत मात्र भंगाराचे ढीग, बिलेटांच्या थप्प्या किंवा मागाहून काढलेली पडवी येते आणि हवा आत येण्याची वाट बुजून जाते. दोन शेडमधील मोकळी जागा नकाशावर वाऱ्यासाठी सोडलेली असते. ती सामान ठेवण्याची जागा बनण्यास फार दिवस लागत नाहीत. माथ्यावरचे व्हेंटिलेटर फिरताना दिसतात म्हणून शेडमध्ये हवा खेळते आहे असे समजणे धोक्याचे आहे. वारा वाहत असला की ते फिरतातच, खालून हवा पुरेशी येवो अगर न येवो.

एक हिशेब

हे तत्त्व आकड्यांत मांडल्यास अधिक स्पष्ट होईल. खालची व वरची वाट यांत ८ मीटरचे अंतर आहे, बाहेर ३८ अंश तापमान आहे आणि आतील हवा त्याहून १० अंशांनी अधिक तापली आहे असे धरू. अशा स्थितीत खाली एक व वर एक चौरस मीटर मोकळी वाट असेल तर दर सेकंदाला सुमारे एक घनमीटरला थोडी कमी हवा वाहते आणि ती आपल्यासोबत सुमारे १० किलोवॅट उष्णता बाहेर नेते. पंखा नाही, मोटार नाही, विजेचे देयक नाही.

आता दुसरी बाजू. एक टन पोलाद हजार अंशांवरून सभोवतालच्या तापमानापर्यंत निवते तेव्हा सुमारे १८० युनिट विजेइतकी उष्णता बाहेर टाकते. ताशी दहा टन बिलेटे शेडच्या आतच निवत पडली तर दर तासाला १,८०० युनिट, म्हणजे सतत १,८०० किलोवॅट उष्णता त्या शेडमध्ये ओतली जात असते. तिचा काही भाग प्रारणाच्या रूपाने भिंती, जमीन आणि माणसे यांवर पडतो. परंतु भिंती व जमीन तापल्यावर ती उष्णताही बहुतांशी हवेतच उतरते. वरील प्रमाणाने ती नैसर्गिक मार्गाने बाहेर काढावयाची झाल्यास माथ्यावर १८० चौरस मीटर आणि खाली तेवढीच मोकळी वाट हवी. बहुसंख्य शेडमध्ये इतकी जागा मिळणे कठीण. म्हणून निवण्याची जागा मूळ शेडमध्ये न ठेवता बाजूंनी पूर्ण उघड्या अशा वेगळ्या छपराखाली ठेवणे शहाणपणाचे ठरते. त्याहून उत्तम म्हणजे बिलेट निवू न देता तापलेल्या स्थितीतच रोलिंगकडे नेणे. तसे केल्याने पुनर्तापनाचे इंधन वाचते आणि शेडही कमी तापते. उष्णता खिडकीतून घालविण्यापूर्वी ती वाया का जाते हे पाहणे केव्हाही श्रेयस्कर.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे नमूद करावयास हवी. प्रवर्तन भट्टीत एक टन पोलाद वितळविण्यास ६०० युनिटांच्या घरात वीज लागते. त्या आकड्यापुढे वायुवीजनाने होणारी बचत अगदी लहान आहे. प्रत्येकी दीड किलोवॅटचे दहा पंखे दिवसाला सोळा तास व वर्षाला तीनशे दिवस चालतात असे धरले तर वर्षाला ७२,००० युनिट लागतात. लहान कारखान्याच्या दृष्टीने ही रक्कम दुर्लक्षिण्याजोगी नाही, तथापि भट्टीच्या एकूण देयकात ती सहज झाकली जाते. पोलादाच्या शेडमध्ये वाऱ्याची वाट करावयाची ती प्रथम भट्टीपुढे उभ्या असलेल्या माणसासाठी. मे महिन्यात बाहेर चाळीस अंश असताना त्याच्या शरीराला उष्णता टाकण्यासाठी घामाच्या बाष्पीभवनाखेरीज दुसरा मार्ग उरत नाही, आणि हवा साचलेली असली की तोही मार्ग आखूड होतो. विजेची बचत हा येथे दुय्यम लाभ समजावा.

कायद्यानेही या गोष्टीकडे कामगाराच्या बाजूनेच पाहिले. १९४८ च्या कारखाने अधिनियमातील कलम १३ अन्वये ताज्या हवेच्या अभिसरणाने पुरेसे वायुवीजन राखण्याची आणि भिंती व छप्पर अशा रीतीने बांधण्याची तरतूद करण्यात आली की आतील तापमान शक्य तेवढे कमी राहावे. अतिउष्ण प्रक्रिया इतर कामापासून वेगळी करावी किंवा तापलेले भाग उष्णतारोधक आवरणाने झाकावेत, असेही त्यात सांगितले होते. हा विषय पुढे २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत समाविष्ट झाला. कारखानाविषयक नियमांत छपराच्या वळचणीखालील वायुवीजनाच्या वाटा जमिनीच्या क्षेत्रफळाच्या निदान १५ टक्के असाव्यात, असे प्रमाण आढळते. भारतीय मानक संस्थेने औद्योगिक वायुवीजनाची स्वतंत्र मानक संहिताही तयार केली. नियमांची उणीव पूर्वीही नव्हती.

दोन मर्यादा मात्र विसरता कामा नयेत. तापलेल्या पोलादाकडून अंगावर येणारी प्रारणाची धग वाऱ्याने अडत नाही. तिच्यासाठी चकचकीत ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा आडोसा लागतो. तसेच भट्टीचा धूर माथ्याच्या फटीतून गावावर सोडणे याला वायुवीजन म्हणता येणार नाही. तो भट्टीच्या तोंडाशीच टोपाखाली ओढून गाळणीतून नेला पाहिजे. नैसर्गिक उपसा हा उष्णतेसाठी आहे, धुळीसाठी नाही.

छप्पर, सूर्य आणि उजेड

जालना सुमारे १९ अंश ५० मिनिटे उत्तर अक्षांशावर वसले आहे. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात येथे मध्यान्हीचा सूर्य थेट डोक्यावर येतो आणि जुलैच्या उत्तरार्धात पुन्हा एकदा. उन्हाळ्यात इमारतीवर पडणाऱ्या उन्हाचा सर्वांत मोठा वाटा छपराला मिळतो तो यामुळेच. साधा पत्रा उन्हाने इतका तापतो की त्याखालील माणसाला वरूनही धग लागते. अशा शेडमध्ये खिडक्या वाढविण्याआधी छपराकडे पाहावे. पत्र्यावर पांढरा परावर्तक रंग, काँक्रीटच्या गच्चीवर चुन्याचा जाडसर हात, अथवा पत्र्याखाली उष्णतारोधक थर, यांपैकी जे परवडेल ते करावे. अहमदाबाद महानगरपालिकेने २०१३ मध्ये उष्णतेच्या लाटेसाठी कृती आराखडा अमलात आणला. पुढे त्याच शहरात वस्त्यांतील घरांच्या छपरांना पांढरा रंग देण्याचे कामही हाती घेण्यात आले. गच्चीला चुना देणे हा आपल्याकडील जुनाच उपाय. खर्च थोडा, आणि कामाला गवंडीही लागत नाही.

उजेडाचा प्रश्न यालाच जोडलेला आहे. दिवसाढवळ्या दिवे लावून काम करावे लागणे हा विजेचा निव्वळ अपव्यय होय. छपरात पारदर्शक पत्रे टाकले की दिवे विझविता येतात, परंतु सरळ डोक्यावर येणाऱ्या सूर्याची उष्णताही त्यातून खाली येते. जुन्या कापड गिरण्यांचे करवतीच्या दात्यांसारखे छप्पर हा यावरचा चांगला तोडगा होता. त्या छपराच्या उभ्या काचा उत्तरेकडे तोंड करून असत. जालन्याच्या अक्षांशावर मार्चच्या विषुवदिनापासून सप्टेंबरच्या विषुवदिनापर्यंत सकाळी व सायंकाळी सूर्य उत्तरेच्या बाजूस थोडा कलतो. तेवढे दिवस सोडले तर उत्तरेच्या काचेतून थेट ऊन येत नाही, केवळ आकाशाचा मंद उजेड येतो. त्या काचांच्या वरच्या भागात उघडझाप होणारी झडप ठेवली तर एकाच वाटेने उजेडही येतो आणि तापलेली हवाही निघून जाते. काचा दोन्ही बाजूंनी स्वच्छ ठेवण्याची अट १९४८ च्या अधिनियमात घातलेली होती. ती अनावश्यक वाटण्याजोगी असली तरी पोलादाच्या काजळीने माखलेले पारदर्शक पत्रे पाहिले की तिचे मर्म कळते.

माथ्यावरील वायुवीजनाचे तोंड कोणत्या दिशेस असावे, हाही विचार करण्यासारखा प्रश्न आहे. उन्हाळ्याच्या उत्तरार्धात व पावसाळ्यात येथील वारे प्रामुख्याने पश्चिमेकडून येतात. माथ्यावरील फट केवळ पश्चिमेस उघडी असेल तर जोराचा वारा निघू पाहणारी हवा पुन्हा आत ढकलतो. फट दोन्ही बाजूंस ठेवून पुढे वारा अडविणारा पत्रा बसविला म्हणजे वारा कोठूनही आला तरी उपसा चालू राहतो आणि वळिवाचा पाऊसही आत येत नाही.

बियाण्याचे गोदाम

१९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात महिको ही बियाणे कंपनी स्थापन केली. १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. बियाणे उद्योग येथे रुजला आणि त्याबरोबर साठवणीचा प्रश्नही आला. बी हे सजीव आहे. ते श्वसन करते, आणि उष्णता व ओलावा वाढला की हे श्वसन वेगाने होऊन त्याची उगवणशक्ती क्षीण होते. बीजशास्त्रात एक स्थूल नियम सांगितला जातो : बियाण्यातील ओलावा एका टक्क्याने कमी केला, किंवा साठवणीचे तापमान पाच अंश सेल्सिअसने उतरविले, की बियाण्याचे आयुष्य साधारण दुप्पट होते. दुसरा नियम असा, की गोदामाचे फॅरनहाइटमधील तापमान आणि हवेची टक्क्यांतील सापेक्ष आर्द्रता यांची बेरीज शंभराच्या आत असावी.

हा नियम जालन्याला लावून पाहिला तर काय दिसते? मेमध्ये दुपारचे तापमान चाळीस अंश सेल्सिअस, म्हणजे १०४ अंश फॅरनहाइट. आर्द्रता मोजण्याआधीच बेरीज शंभरापलीकडे गेली. पावसाळ्यात तापमान उतरते, परंतु आर्द्रता ऐंशीच्या वर जाते. अर्थात दीर्घकाळ ठेवावयाच्या बियाण्यासाठी केवळ खिडकीवर विसंबून चालत नाही, तेथे शीतकरण व निर्जलीकरणाची यंत्रणा लागतेच. मग ऊर्जाबचत कशात? ती आहे खिडकी न ठेवण्यात. पांढरे छप्पर, जाड किंवा पोकळी असलेल्या भिंती, पश्चिमेस अंध भिंत, दाराला दुहेरी कक्ष आणि प्रत्येक सांध्याची काळजीपूर्वक केलेली बंदी, या उपायांनी यंत्रावरील भार कमी होतो. दर वेळी ट्रक लागला की सताड उघडे राहणारे एक दार वरील सर्व उपाय निष्फळ करू शकते.

एकाच हंगामापुरते बी अथवा धान्य ठेवावयाच्या साध्या गोदामाची गोष्ट निराळी आहे. पंचायत समित्या, सहकारी संस्था व खुद्द शेतकरी यांच्या गोदामांत यंत्रे नसतात. तेथे झडपा हव्यात, पण त्या घट्ट मिटणाऱ्या हव्यात. हिवाळ्यात व उन्हाळ्यात, रात्री व पहाटे बाहेरची हवा थंड व कोरडी असते तेव्हा त्या उघडाव्या. पावसाळ्यात आकाश भरून आलेले असताना 'हवा खेळती राहू द्या' या समजुतीने झडपा उघड्या टाकणे म्हणजे पोत्यांना ओल पाजणे होय. भिंतीवर एक साधा व एक ओल्या फडक्याचा असे दोन तापमापक टांगले तर आतील व बाहेरील हवेपैकी कोणती कोरडी आहे हे गोदामपालाला क्षणात कळू शकते. या उपकरणाची किंमत एका पोत्याच्या नुकसानीपेक्षा फार अधिक नाही.

कार्यालये आणि शाळा

कारखाना व गोदाम यांच्या मधोमध बहुतेकांचा दिवस ज्या इमारतींत जातो त्या म्हणजे कार्यालये, प्रयोगशाळा, शाळा, ग्रामपंचायतीची सभागृहे. विजेच्या खऱ्या बचतीला वाव आहे तो येथे. छताचा साधा पंखा सुमारे ७५ वॅट वीज घेतो, नव्या प्रकारच्या मोटारीचा पंखा त्याच्या निम्म्याहूनही कमी. दीड टनाचे वातानुकूलन यंत्र मात्र तासाला एक ते दीड युनिट खर्च करते. पंख्याच्या किंवा वाऱ्याच्या झुळकेने शरीराला दोन ते तीन अंश कमी तापमानाचा भास होतो. तेवढ्यावर काम भागत असेल तेथे यंत्र लावण्याची घाई करू नये.

भारतीय मानक संस्थेने, म्हणजे पुढील भारतीय मानक ब्यूरोने, या विषयावर बरेच मार्गदर्शन करून ठेवले आहे. ब्यूरोची १९८७ ची हस्तपुस्तिका सांगते की आत येणाऱ्या व बाहेर जाणाऱ्या वाटा मिळून खिडक्यांचे क्षेत्रफळ जमिनीच्या २० ते ३० टक्के असेल तर खोलीतील वाऱ्याचा सरासरी वेग बाहेरील वाऱ्याच्या सुमारे ३० टक्के राहतो. त्यापुढे खिडक्या वाढविल्या तरी वेग त्या प्रमाणात वाढत नाही, आणि अतिशय अनुकूल स्थितीतही तो बाहेरच्या वेगाच्या ४० टक्क्यांपलीकडे सहसा जात नाही. इमारत वाऱ्याला अगदी काटकोनात असावी असाही आग्रह नको, ३० अंशांपर्यंत कललेली चालते. २०१८ मध्ये निवासी इमारतींसाठी प्रसिद्ध झालेल्या इको-निवास संहितेत उष्ण व कोरड्या हवामानात उघडणाऱ्या खिडक्या जमिनीच्या निदान १० टक्के, तर उष्ण व दमट हवामानात सुमारे १६.६६ टक्के असाव्यात असे ठरविण्यात आले. मराठवाड्याला कोकणाइतकी खिडकी लागत नाही, हा त्याचा अर्थ.

या संहितेतील 'उघडणाऱ्या' या शब्दाकडे विशेष लक्ष द्यावे. हल्ली सरकत्या ॲल्युमिनियमच्या खिडक्यांची चाल आहे. दोन तावदानांची सरकती खिडकी कशीही सरकविली तरी निम्मीच उघडते. बिजागरीची जुनी खिडकी जवळजवळ पूर्ण उघडते. चाळीस चौरस मीटरच्या वर्गाला दहा टक्क्यांप्रमाणे चार चौरस मीटर मोकळी वाट हवी. ती सरकत्या खिडक्यांनी साधावयाची तर आठ चौरस मीटरच्या चौकटी लागतील. त्या आठही चौरस मीटर काचांतून ऊन मात्र आत येणार.

शाळांच्या बाबतीत आणखी एक तपशील बहुधा निसटतो. वर उल्लेखिलेल्या हस्तपुस्तिकेनुसार खुर्चीवर बसणाऱ्यांसाठी खिडकीचा उंबरठा ७५ सेंटिमीटर, तर जमिनीवर बसणाऱ्यांसाठी ४० सेंटिमीटर उंचीवर असावा. ज्या प्राथमिक शाळेत मुले सतरंजीवर बसतात आणि खिडकी मात्र तीन फुटांवर सुरू होते, तेथे वारा शिक्षकांच्या चेहऱ्यावर येतो आणि मुलांच्या डोक्यांवरून निघून जातो. नव्या वर्गखोलीचा नकाशा मंजूर करताना शाळा व्यवस्थापन समितीने ही एक उंची पाहिली तरी पुष्कळ झाले. सुरक्षेसाठी खालच्या भागास गज बसविता येतात.

छज्जाचाही हिशेब सूर्यानुसारच मांडावा. दक्षिणेकडील १.२ मीटर उंचीच्या खिडकीवर ६० सेंटिमीटरचा छज्जा असेल तर मार्च व सप्टेंबरमधील विषुवदिनी मध्यान्हीला तिच्यावर पूर्ण सावली पडते. डिसेंबरात सूर्य खाली उतरतो तेव्हा मात्र खिडकीच्या जवळजवळ निम्म्या भागातून ऊन आत येते, आणि थंडीत ते हवेसेही वाटते. पश्चिमेच्या खिडकीला हा छज्जा काही कामाचा नाही. चारनंतरचे आडवे ऊन त्याखालून सरळ आत घुसते. तेथे ओसरी, उभ्या पट्ट्या अथवा अंगणातील कडुनिंब हेच उपाय. जिल्हाभर मोसंबीच्या बागा राखणाऱ्या शेतकऱ्यांना झाडाच्या सावलीचे मोल वेगळे सांगावयास नको.

उघडण्याची वेळ

मराठवाड्याच्या उन्हाळ्यात दिवसाचे कमाल व पहाटेचे किमान तापमान यांत बारा-पंधरा अंशांचा फरक पडतो. दुपारी बाहेरचा वारा शरीरापेक्षाही उष्ण असतो, तो आत घेतल्याने सुख होत नाही आणि भिंती मात्र तापतात. म्हणून सकाळी नऊ-दहाच्या सुमारास खिडक्या मिटाव्या, पडदे ओढावे, पंखे चालू ठेवावे, आणि सूर्यास्तानंतर बाहेर गारवा आला की सर्व खिडक्या उघडून रात्रभर भिंती व छत निवू द्यावे. जाड भिंतींचे वाडे व माळवदाची घरे दुपारी थंड राहत ती याच शिस्तीने. पत्र्याच्या खोलीत हा उपाय तेवढा फलदायी होत नाही, कारण गारवा साठवून ठेवणारे वजन तिच्यात नसते.

पाण्याच्या कूलरची गोष्ट याहून निराळी आहे. कूलर बाहेरची कोरडी हवा ओल्या पडद्यातून आत ढकलतो. ती हवा बाहेर जावयास समोरची खिडकी थोडी उघडी नसेल तर खोलीत ओलावा साचतो आणि तासाभरात कूलर निरुपयोगी वाटू लागतो. अनेक कार्यालयांत कूलर लावला की सर्व खिडक्या बंद केल्या जातात, आणि मग 'कूलरने भागत नाही' म्हणून वातानुकूलन यंत्राची मागणी केली जाते. त्याउलट वातानुकूलन यंत्र चालू असताना खिडकीची फट राहू देणे म्हणजे पैसे बाहेर सोडणे होय. कोणत्या खोलीत काय चालू आहे त्यावर खिडकीची स्थिती ठरली पाहिजे.

रात्री खिडक्या उघड्या ठेवण्यात चोरी, पाऊस, डास आणि मांजरे या अडचणी येतात. म्हणून आराखड्यातच चौकटीला गज, डासांची जाळी आणि पावसाला अडविणारी तिरकी पट्टी यांची तरतूद असावी. जाळीने वारा बराच मंदावतो, त्यामुळे जाळी लावावयाची असेल तेथे वाट थोडी मोठी धरावी. महामंडळाच्या क्षेत्रातील बांधकामांचे नकाशे महामंडळच नियोजन प्राधिकरण या नात्याने तपासते, गावठाणातील शाळा व सभागृहांचे आराखडे जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे जातात. दोन्ही ठिकाणी नकाशावर खिडकीचे क्षेत्रफळ लिहिलेले असते. उघडणारे क्षेत्रफळ, उंबरठ्याची उंची आणि माथ्यावरील वाटेचा आकार हे तीन आकडे त्याशेजारी मागविण्यास नवा कायदा लागत नाही.

उरतो प्रश्न हाताचा. पंधरा फुटांवरील झडप उघडण्यासाठी दोरी व कप्पी बसविलेली असते. दोरी कुजते, कप्पी गंजते आणि झडप ज्या स्थितीत असेल त्या स्थितीत वर्षानुवर्षे राहते. शिडी आणून ती उघडावयाची तर कोणाचे काम, हे ठरलेले नसते. ज्या गोदामात, शाळेत वा कारखान्यात संध्याकाळी झडपा उघडण्याचे व सकाळी मिटण्याचे काम पाळीच्या नोंदवहीत एखाद्या व्यक्तीच्या नावाने लिहिलेले असते आणि वर्षातून एकदा दोरी बदलली जाते, तेथे खिडक्या उपयोगी पडतात.